एसएमबी-१ बंद केल्यावर आलेल्या पाच तक्रारी, आणि त्यांतल्या खऱ्या दोन

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच दिसेल. २५-३० कॉम्प्युटर, डोमेन (सगळ्या कॉम्प्युटरांची एका जागेवरून चालणारी व्यवस्था) नाही, फाइल ठेवायला एक विंडोज सर्व्हर २०२२ आणि एक नास (नेटवर्कला जोडलेली फाइल साठवायची पेटी). सुरक्षा तपासणीत 'एसएमबी-१ बंद करा' असा शेरा आला; एसएमबी-१ म्हणजे नेटवर्कवरून फाइल वाटण्याची विंडोजची जुनी पद्धत. तुम्ही एका संध्याकाळी सर्व्हरवरून आणि सगळ्या कॉम्प्युटरवरून ते काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच तक्रारी आल्या. 'नेटवर्क' खिडकी रिकामी दिसायला लागली. मोठा स्कॅनर फोल्डरमध्ये फाइल टाकेना. हिशेबाच्या तीन कॉम्प्युटरवर सर्व्हरचा ड्राइव्ह उघडेना. मोजमापाच्या यंत्राला जोडलेल्या विंडोज एक्सपीवरून अहवाल येईना. आणि त्याच आठवड्यात आलेल्या नव्या लॅपटॉपवरून नास उघडेना, बाकीच्या कॉम्प्युटरवरून मात्र तो व्यवस्थित उघडत होता. दुपारपर्यंत तुम्ही सगळं पूर्ववत केलं. आता विचारताय, काहीही न मोडता एसएमबी-१ बंद कसं करायचं?

काहीही न मोडता ते होणार नाही. पण तुम्हाला वाटतंय तेवढं मोडणारही नाही. तुमच्या पाच तक्रारींपैकी माझ्या मते दोनच खऱ्या अर्थानं एसएमबी-१ च्या आहेत, स्कॅनर आणि एक्सपी. उरलेल्या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. ती एकाच सकाळी समोर आली म्हणून सगळ्याचं खापर एसएमबी-१ वर फुटलं.

खरी अडचण इथेच आहे. 'जुनं फाइल शेअरिंग' म्हणून आपण ज्याला एक समजतो, त्या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे एसएमबी-१ ही बोली, जिच्यात क्लायंट (फाइल मागणारा कॉम्प्युटर) आणि सर्व्हर फाइल उघडण्या-वाचण्याबद्दल बोलतात. दुसरी नेटबायोस, म्हणजे १५ अक्षरांची जुनी नावं आणि १३७, १३८, १३९ हे पोर्ट. तिसरी ब्राउझर सेवा आणि तिच्याखालचे रिमोट मेलस्लॉट (कॉम्प्युटरांनी एकमेकांना छोटे निरोप धाडायची जुनी सोय), ज्यांच्यावर शेजारच्या कॉम्प्युटरांची यादी बनते. चौथी म्हणजे पासवर्डाशिवाय पाहुणा म्हणून आत येणं आणि पाकिटांवर (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांवर) सही, म्हणजे मधे कुणी बदल केलेला नाही याची खूण, नसणं. या चारही गोष्टी एकाच काळात वाढल्या, म्हणून एकमेकींत गुंतल्यासारख्या दिसतात. पण एसएमबी-१ वर अवलंबून असलेली ब्राउझर सेवा सोडली, तर एक बंद केली म्हणून दुसरी बंद होत नाही. नेटबायोस बंद केलं तरी एसएमबी-१ पोर्ट ४४५ वर आरामात चालतं, कारण विंडोज २००० पासून एसएमबीला नेटबायोसची गरजच उरलेली नाही. आणि एसएमबी-१ काढलं तरी नेटबायोस नेटवर्क कार्डावर चालूच राहतं. त्यामुळे 'काय मोडलं' हे विचारण्याआधी 'या चारांपैकी मी नेमकं काय काढलं' हे ठरवावं लागतं.

एवढी खटपट कशासाठी, हा प्रश्न तुमचे वरिष्ठ विचारतीलच, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

एसएमबीची सुरुवात १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी केली. पुढे मायक्रोसॉफ्टनं ते लॅन मॅनेजर या आपल्या जुन्या नेटवर्क प्रणालीत घेतलं, आणि नव्या गरजा आल्या तशा नव्या आज्ञा जुन्यांवर चढत गेल्या. एसएमबी-१ मध्ये आज्ञा आणि उपआज्ञा मिळून शंभरच्या वर आहेत. २००६ मध्ये व्हिस्टाबरोबर एसएमबी-२ आलं, तेव्हा नव्यानं बांधणी करून हा आकडा १९ वर आणला. उरलेल्या आज्ञा फारशा कुणी वापरत नव्हतं, पण त्यांचा कोड एसएमबी-१ चालू असलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये बाहेरच्या पाकिटाची वाट बघत राहिला.

२०१७ मध्ये नेमकं तेच महागात पडलं. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस ज्या भोकातून शिरला, ते एसएमबी-१ सर्व्हरच्या एका कोपऱ्यातल्या कोडमध्ये होतं. फाइलच्या जादा गुणधर्मांची ओएस/२ (एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) पद्धतीची यादी विंडोज एनटीच्या पद्धतीत बदलायचं काम तो कोड करायचा. यादीचा आकार ३२ बिटांचा, पण तो दुरुस्त करताना फक्त १६ बिट लिहिले जायचे. त्यामुळे राखलेली जागा लहान आणि त्यात ओतलेला मजकूर मोठा, असा प्रकार व्हायचा, आणि तोही पासवर्ड न देता बाहेरून घडवून आणता यायचा. २०१७ मध्ये कुठल्या कार्यालयाला ओएस/२ चे गुणधर्म लागत होते? तरी तो कोड लाखो कॉम्प्युटरवर ऐकत बसलेला होता. दुरुस्ती १४ मार्चला आली, वॉनाक्राय १२ मेला पसरला. मधे जवळपास दोन महिने होते. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०१६ मध्ये, मायक्रोसॉफ्टमध्ये एसएमबीचं काम बघणारे नेड पाइल यांनी एसएमबी-१ वापरणं थांबवा असं जाहीरपणे सांगितलं होतं.

ते एक भोक बुजलं, हे खरं. पण एसएमबी-१ च्या बांधणीतल्या उणिवा दुरुस्तीनं जात नाहीत. त्यात एन्क्रिप्शन नाही. त्याची सही एमडी-५ या जुन्या, कमकुवत ठरलेल्या गणिती पद्धतीवर उभी आहे. एसएमबी ३.१.१ या नव्या बोलीत ओळख पटवण्याआधीची बोलणीसुद्धा तपासली जातात, त्यामुळे मधे बसलेल्या कुणाला ती बदलता येत नाहीत. क्लायंट एसएमबी-१ बोलायला तयार असेल, तर मधला माणूस त्याला खाली ओढून तिथे नेतो आणि वरची सगळी संरक्षणं निकामी होतात. म्हणून फक्त सर्व्हरवर बंद करून भागत नाही, क्लायंटवरूनही काढावं लागतं. तुम्ही दोन्हीकडून काढलंत, तो निर्णय बरोबर होता. एकाच संध्याकाळी काढलंत, तिथे गडबड झाली.

ही चूक मीही केलेली आहे. फार पूर्वी एका ठिकाणी मी एसएमबी-१, नेटबायोस आणि पाहुण्यांचा प्रवेश हे सगळं एका रात्रीत बंद केलं. सकाळी फोन सुरू झाले तेव्हा कुठली तक्रार कशामुळे आली हे सांगताच येईना. सगळं परत चालू करावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे तिथल्या लोकांच्या मनात 'याला हात लावला की काम थांबतं' हे पक्कं बसलं, आणि पुढचं दीड वर्ष मला त्या विषयाला हात लावता आला नाही. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून एकेक तक्रार सुटी करून बघू.

'नेटवर्क' खिडकीचं काम सगळ्यात सोपं. ती यादी कॉम्प्युटर ब्राउझर सेवेवर चालायची आणि ती सेवा एसएमबी-१ वर अवलंबून होती. एसएमबी-१ गेलं की यादी जाते, शेअर मात्र जागेवर असतात. पत्त्याच्या पट्टीत सर्व्हरचं नाव टाइप केलं तर उघडतील. यादीच हवी असेल तर फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट आणि फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन या दोन सेवा आपोआप सुरू होतील अशा लावा. मग कॉम्प्युटर डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या नव्या शोधपद्धतीनं एकमेकांना दिसतात. नास किंवा लिनक्सवर त्यासाठी डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. मी स्वतः यादीच्या मागे लागत नाही. ठरलेले ड्राइव्ह मॅप करून देतो आणि प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवतो. लोकांना यादी नको असते, त्यांना त्यांचं फोल्डर हवं असतं.

नवा लॅपटॉप आणि नास. तुम्हीच लिहिलंय की एसएमबी-१ काढल्यावरही बाकीच्या कॉम्प्युटरवरून नास उघडत होता. म्हणजे नासला एसएमबी-२ किंवा त्यापुढची बोली येते आणि इथे एसएमबी-१ चा काही संबंध नाही. लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो, २४एच२ असणार असा माझा अंदाज आहे. त्या आवृत्तीपासून एसएमबी सही सक्तीची झाली आणि प्रो आवृत्तीतही पाहुणा म्हणून आत जाणं बंद झालं. तुमचा नास सगळ्यांना पासवर्डाशिवाय, पाहुणा म्हणून आत घेत असणार. सहीची किल्ली लॉगिनच्या ओळखीतून तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, मग किल्ली कुठून येणार? म्हणून जोडणी तुटते. उपाय नासवर करायचा आहे. फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) अद्ययावत करा, खरे वापरकर्ते आणि पासवर्ड तयार करा, लॅपटॉपवर ते एकदा साठवा. लॅपटॉपवरची सहीची सक्ती काढून टाकायचा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल, 'एसएमबी-१ चालू करा' हाही मिळेल. पहिल्यानं नव्या लॅपटॉपचं दार उघडं राहतं. दुसऱ्यानं या दुखण्यावर काहीच फरक पडत नाही.

हिशेबाच्या तीन कॉम्प्युटरांवर मात्र थांबायला हवं. अशा ठिकाणीच लोक वर्षानुवर्षं अडकून पडतात.

तुम्ही लिहिलंय की हिशेबाचा प्रोग्रॅम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीचा आहे आणि तो देणाऱ्यांनी 'याला एसएमबी-१ लागतंच' असं सांगितलंय. दोन विंडोज कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात तेव्हा दोघांना येणारी सगळ्यात वरची बोली निवडतात. सर्व्हर २०२२ आणि विंडोज १० यांच्यात ती ३.१.१ असते, मग बाजूला एसएमबी-१ चालू असो वा नसो. म्हणजे नुसतं एसएमबी-१ चालू ठेवून फॉक्सप्रोला काही मिळायलाच नको. तरीही ते काढल्यावर त्या तीन कॉम्प्युटरवर ड्राइव्हच उघडेनासा झाला, याचा अर्थ बहुधा एकच निघतो: कुणीतरी त्या तिघांवर एसएमबी-२ चा क्लायंट मुद्दाम बंद केलेला आहे. त्यांना फक्त जुनीच बोली येते. खात्री करायला पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एसएमबी कनेक्शनांची यादी काढा, तिच्यात 'डायलेक्ट' नावाचा रकाना असतो. तिथे १.५ सारखा आकडा दिसला तर ती एसएमबी-१ ची जोडणी आहे.

कुणी तसं का करेल? त्यामागे खरं कारण असतं, म्हणून प्रोग्रॅम देणाऱ्यांना खोटं पाडायला जाऊ नका. एका कॉम्प्युटरनं फाइल उघडली की सर्व्हर त्याला सवलत देतो: 'सध्या ही फाइल तू एकटाच वापरतोयस, बदल स्वतःजवळ साठव, सावकाश पाठव.' याला ऑपलॉक म्हणतात, नव्या बोलीत लीज. दुसऱ्यानं तीच फाइल मागितली की सर्व्हर पहिल्याला निरोप धाडतो, 'साठवलेलं आधी परत दे.' फॉक्सप्रोसारख्या प्रोग्रॅममध्ये तीच टेबलं आणि त्याच इंडेक्स फाइली पाच-सहा कॉम्प्युटर एकाच वेळी उघडून बसतात. मधली केबल सैल असेल, एखादा लॅपटॉप वायफायवर असेल किंवा कॉम्प्युटर मधेच झोपी जात असेल, तर तो निरोप वेळेवर पोचत नाही आणि इंडेक्स बिघडतो. एसएमबी-१ च्या काळात ही सवलत रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यातून) बंद करता यायची आणि बिघाड थांबायचा. एसएमबी-२ ला ती रजिस्ट्री लागू होत नाही. म्हणून तंत्रज्ञांनी एसएमबी-२ च बंद करून टाकलं. त्या वेळी तो मार्ग चालला, आणि पुढे 'याला एसएमबी-१ लागतं' एवढंच वाक्य मागे उरलं. खरी गरज होती ती सवलत काढून घेण्याची.

ती आता वेगळ्या रीतीनं भागते. सर्व्हर २०२२ मध्ये शेअरपुरता 'लीजिंग मोड' ठरवता येतो. हिशेबाचं फोल्डर वेगळ्या शेअरवर न्या आणि तेवढ्यापुरता तो 'नन' करा. बाकीच्या शेअरचा वेग तसाच राहील. हिशेब सांबावर (लिनक्सवरून विंडोजला फाइल वाटणारा प्रोग्रॅम) असता तर त्या शेअरखाली ऑपलॉक 'नो' लिहून तेच साधलं असतं. याशिवाय विंडोज क्लायंट फोल्डरची यादी आणि फाइलची माहिती प्रत्येकी १० सेकंद, आणि 'अशी फाइल नाही' हे उत्तर ५ सेकंद लक्षात ठेवतो. एकानं बनवलेली फाइल दुसऱ्याला लगेच दिसत नाही अशी तक्रार आली तर त्या तीन कॉम्प्युटरवर या मुदती शून्य करा. सगळ्यांवर नको, सर्व्हरवरचा भार उगाच वाढेल. हे करण्याआधी हिशेबाच्या फोल्डरची प्रत घ्या आणि त्या प्रतीवर दोन कॉम्प्युटरांवरून एकाच वेळी नोंदी टाकून बघा. आणि केबल तपासा. मी पाहिलेल्या इंडेक्स बिघाडांत मोठा वाटा खराब केबलचा आणि वीज वाचवायला झोपणाऱ्या नेटवर्क कार्डाचा होता.

त्या तिघांवर एसएमबी-२ परत चालू करताना हात जपून टाका. वर्कस्टेशन सेवा (दुसऱ्या कॉम्प्युटरचे शेअर उघडून देणारी विंडोजची सेवा) कोणकोणत्या ड्रायव्हरांवर अवलंबून आहे याची एक ओळ तिथे बदलावी लागते. अशीच ओळ मी एकदा १२ कॉम्प्युटरवर एका स्क्रिप्टनं लिहिली आणि एका नावात एक अक्षर चुकलं. रीस्टार्टनंतर त्या बाराही कॉम्प्युटरवर वर्कस्टेशन सेवा सुरूच होईना, आणि एकही शेअर उघडेना. प्रत्येकापाशी बसून ते दुरुस्त करावं लागलं. तेव्हापासून मी आधी एका कॉम्प्युटरवर करतो, रीस्टार्ट करतो, शेअर उघडून बघतो आणि मगच पुढे जातो. एसएमबी-१ काढायला मात्र रजिस्ट्रीत जाऊ नका. विंडोज फीचर्सच्या यादीतली खूण काढणं पुरेसं आणि सुरक्षित आहे.

स्कॅनरची तक्रार खरी आहे. अशी बरीच यंत्रं अजून फक्त एसएमबी-१ जाणतात. आधी फर्मवेअर बघा, कित्येकदा नव्या फर्मवेअरमध्ये एसएमबी-२ किंवा ३ चा पर्याय आलेला असतो आणि तो फक्त मेनूत चालू करायचा राहिलेला असतो. सर्व्हरचा पत्ता नेटबायोस नावानं टाकला असेल तर पूर्ण डीएनएस नाव (इंटरनेटच्या पद्धतीचं नाव) किंवा आयपी टाका, नाहीतर पुढे नेटबायोस बंद कराल त्या दिवशी तो परत अडेल. फर्मवेअर मिळत नसेल तर स्कॅन ईमेलनं पाठवणं किंवा एफटीपीएस (फाइल एन्क्रिप्ट करून पाठवण्याची पद्धत), यांपैकी यंत्राला जमेल ते घ्या. साधं एफटीपी नको, त्यात पासवर्ड उघडा जातो. आणि स्कॅनरच्या ॲड्रेस बुकात कुठलं खातं भरलंय ते बघून घ्या. मला तिथे बऱ्याच वेळा ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सापडलाय. स्कॅनरसाठी वेगळं खातं करा, त्याला त्या एकाच फोल्डरात लिहिण्याचा अधिकार द्या, बाकी काही नको.

एक्सपीला मात्र दुसरी बोली येतच नाही. एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांच्यासाठी एसएमबी-२ कधी आलंच नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला. मोजमापाचं यंत्र चांगलं चालतंय आणि त्याचा प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालत नाही, तर ते फेकून द्या असं मी म्हणणार नाही. पण त्या एका यंत्रासाठी सगळ्या सर्व्हरवर जुनं दार उघडं ठेवणं चुकीचं आहे. मी मधे एक लहान लिनक्स पेटी ठेवतो, दोन नेटवर्क कार्डांची. एका बाजूला फक्त एक्सपी, त्या केबलवर दुसरं काहीही नाही. दुसऱ्या बाजूला तुमचं नेटवर्क. पेटीवर सांबा असतो. सांबानं ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी-१ मुळातच बंद ठेवलंय, त्यामुळे किमान बोली 'एनटी-१' (सांबातलं एसएमबी-१ चं नाव) अशी स्वतः लिहावी लागते. ही सेटिंग अख्ख्या सांबाला लागू होते, एकेका शेअरला वेगळी ठेवता येत नाही. म्हणूनच त्यासाठी वेगळी पेटी लागते, कामाच्या नासवर हे करायचं नाही. सांबाला फक्त आतल्या कार्डावर ऐकायला लावा. एक्सपी पेटीत अहवाल टाकेल, आणि पेटी दर काही मिनिटांनी तो उचलून एसएमबी ३.१.१ नं सर्व्हरवर पोचवेल. अहवाल फक्त बाहेरच्या दिशेनं जातील.

ही पेटी लावताना एक्सपीचं लॉगिन बहुधा नाकारलं जाईल, कारण सांबा पासवर्ड तपासायची फक्त एनटीएलएम-व्ही२ ही पद्धत स्वीकारतो आणि एक्सपी मुळात जुनी पद्धत पाठवतो. तिथे सांबा सैल करू नका. एक्सपीला व्ही२ येतं, त्याच्या स्थानिक सुरक्षा धोरणात लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशनची पातळी 'फक्त एनटीएलएम-व्ही२' अशी करा.

आता क्रम. पहिल्यांदा काहीच बंद करायचं नाही, फक्त ऐकायचं. सर्व्हरच्या एसएमबी सेटिंगमध्ये एसएमबी-१ चं ऑडिट चालू करता येतं. त्यानंतर जुन्या बोलीतून कुणीही आलं की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एसएमबी सर्व्हरच्या ऑडिट लॉगमध्ये ३००० क्रमांकाची नोंद पडते, आलेल्याच्या पत्त्यासकट. पत्ता लगेच उपकरणाशी जुळवून लिहून ठेवा, कारण डीएचसीपीमुळे (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेमुळे) आजचा पत्ता महिन्यानं दुसऱ्याच कुणाचा असू शकतो. सुरक्षा तपासणीचं साधन तुमच्या नेटवर्कवर फिरत असेल तर त्याच्याही नोंदी दिसतील, त्या वगळा. पाकिटं पकडून बघणार असाल तर आणखी एक जपा: एसएमबी-१ सुद्धा बोलू शकणारा क्लायंट पहिलं पाकीट जुन्या पद्धतीचंच पाठवतो आणि त्यातच 'मला २ येतं' असं सांगतो. ते पाकीट बघून घाबरू नका, सर्व्हरचं उत्तर कुठल्या बोलीत गेलं ते बघा.

किती दिवस ऐकायचं हे तुमच्या कामावर अवलंबून आहे. मी किमान एक महिनाअखेर आणि एक तिमाहीअखेर त्यात धरतो. एकदा चार आठवडे ऐकून मी निर्धास्त झालो होतो, आणि तिमाहीला एकदाच चालणारा एक अहवाल नेमका पाचव्या आठवड्यात अडला.

तुमच्याकडे विचारायची एक गोष्ट आणखी आहे. सर्व्हर २०२२ मध्ये एसएमबी-१ मुळात बसवलेलं नसतं. म्हणजे ते कुणीतरी मुद्दाम बसवलंय. ज्यानं बसवलं तो माणूस किंवा त्याची जुनी कामाची नोंद सापडली तर तुमच्या यादीतलं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

यादी तयार झाली की आधी नासवर खरे वापरकर्ते, मग हिशेबाचे तीन कॉम्प्युटर, मग स्कॅनर, मग एक्सपीची पेटी. प्रत्येकामध्ये निदान आठवड्याचं अंतर ठेवा. ३००० च्या नोंदी थांबल्या की सर्व्हरवर एसएमबी-१ फक्त बंद करा, काढून टाकू नका. बंद करायला आणि परत चालू करायला रीस्टार्ट लागत नाही, त्यामुळे काही राहून गेलं असेल तर मिनिटभरात माघार घेता येते. हे सकाळी करा, आठवड्याच्या सुरुवातीला, लोक जागेवर असताना. तीन-चार आठवडे शांत गेले की मग फीचर काढा. सर्व्हरनंतर क्लायंट. नेटबायोस सगळ्यात शेवटी, आणि तेही वेगळ्या दिवशी.

तुमच्याकडे डोमेन असतं तर मी आणखी काही सांगितलं असतं. विंडोज ११ २४एच२ आणि सर्व्हर २०२५ मध्ये रिमोट मेलस्लॉट मुळातच बंद आहेत, आणि नेटबायोस पद्धतीनं डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) शोधणंही तिथे थांबवलंय. कंट्रोलरचं छोटं नाव धरून बसलेले जुने प्रोग्रॅम त्यामुळे अडतात, आणि त्याचं उत्तर डीएनएस नीट करणं हेच असतं. मॅक असतील तर २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून ते एसएमबी-२ बोलतात, त्यांची काळजी नको. फक्त एखादा जुना मॅक एएफपीनं (ॲपलची जुनी फाइल वाटायची पद्धत) फाइल वाटत असेल तर ते बदला, बिग सर या मॅकओएसच्या आवृत्तीपासून मॅकवरून एएफपीनं शेअर करता येत नाही.

काम संपल्यावरही ऑडिट चालूच ठेवा. एसएमबी-१ परत येतं ते बहुतेक वेळा जुन्या इमेजमधून (कॉम्प्युटर तयार करायला ठेवलेल्या विंडोजच्या पूर्ण प्रतीतून): कुणाचा कॉम्प्युटर बिघडतो, तीन वर्षांपूर्वीच्या इमेजवरून नवा उभा केला जातो, आणि तिच्यात एसएमबी-१ ची खूण चालूच असते. तुमची इमेज आजच उघडून तिच्यातूनही ते काढा. सर्व्हरच्या बॅकअपमधून काही परत आणलंत तर फीचरची यादी पुन्हा एकदा बघा. स्कॅनरचं मॉडेल आणि त्यावरची फर्मवेअरची आवृत्ती मला कळवलीत, तर त्यात एसएमबी-२ चा पर्याय कुठल्या मेनूत शोधायचा ते बघून सांगतो.